एका म्यानात दोन तलवारी

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीस आलेल्या माणसाला थंडी या शब्दाचा खरा अर्थ करोल बागेत कळतो. पुण्याची किंवा नागपूरची थंडी ही शालीत मावणारी. येथील थंडी रजईतही मावत नाही. अजमल खान रोडवरची वर्दळ ओसरली, शेंगदाणे आणि गजक विकणाऱ्यांच्या गाड्या परतू लागल्या, की आम्ही आमच्या बरसातीत पाय पोटाशी घेऊन बसतो आणि कचेरीत दिवसभर जे लिहिले त्याहून निराळे काही लिहावे म्हणून कागद पुढे ओढतो. अशाच एका संध्याकाळी शेजारचे अण्णा जिना चढून वर आले. अण्णा लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. आक्षेप घेण्याची सवय मात्र निवृत्त झालेली नाही. टेबलाच्या एका अंगास खात्याच्या परीक्षेची पुस्तके आणि दुसऱ्या अंगास अर्धवट लेख पाहून ते म्हणाले, "अहो, एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत. एक काय ते धरा. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या व्हायच्या!"

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. परंतु ते दिवस २०२६ च्या फेब्रुवारीचे होते. इटलीत हिवाळी ऑलिंपिक भरले होते आणि कचेरीतून परतल्यावर आम्ही एका अशा क्रीडेच्या नादी लागलो होतो की जिचा सारा इतिहास म्हणजे अण्णांच्या या म्हणीशी चाललेला शंभर वर्षांचा वाद होय. तिला 'नॉर्डिक कंबाइन्ड' असे म्हणतात. त्या वादाची हकीकत वाचकांपुढे मांडावी एवढाच या लेखाचा हेतू.

या क्रीडेचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. स्पर्धकाने एकाच दिवशी दोन कसोट्यांस उतरावयाचे असते. पहिली उडीची. उंच बांधलेल्या उतारावरून पायांत लांब स्की बांधून तो ताशी सुमारे नव्वद किलोमीटरांच्या वेगाने खाली येतो आणि कड्याच्या टोकाशी स्वतःस हवेत झोकून देतो. मोठ्या टेकडीवर तो सव्वाशे मीटरांच्याही पलीकडे जाऊन बर्फावर उतरतो. उडी किती लांब गेली याचे गुण वेगळे आणि ती किती डौलाने गेली याचे वेगळे. डौल पाहावयास पाच परीक्षक असतात. त्यांतील सर्वांत उदार आणि सर्वांत कृपण अशा दोघांचे गुण वगळून उरलेल्या तिघांचे धरतात. ही झाली काही सेकंदांची गोष्ट. त्यानंतर थोड्या तासांनी तोच माणूस दहा किलोमीटरांच्या स्की-धावेस उभा राहतो. चढ, उतार, वळणे, पुन्हा चढ अशा मार्गावर ही धाव सुमारे पंचवीस मिनिटे चालते, आणि अंतिम रेषा ओलांडताच कित्येक जण बर्फावर आडवे होतात.

या दोन विद्यांचे एकमेकींशी मुळीच पटत नाही, हेच या क्रीडेचे मर्म आहे. उडी मारणाऱ्याला देह हलका लागतो; कारण प्रत्येक अधिक किलो त्याला लवकर खाली ओढतो. वजन वाजवीपेक्षा कमी करून कोणी प्रकृतीचा नाश करून घेऊ नये म्हणून, वजन अगदी कमी असणाऱ्याने आखूड स्की वापरावेत असा नियम करावा लागला. आखूड स्की म्हणजे हवेचा आधार कमी. उलट धावणाऱ्याला हवेत खांदे, दंड, रुंद छाती आणि न थकणारे हृदय. उडीसाठी पायांत एका क्षणाचा स्फोट हवा, धावेसाठी तासन् तास मंद जळणारा निखारा हवा. एकीची तयारी जितकी वाढवावी तितकी दुसरी उणी पडते. उत्तम उडी मारणाऱ्याहून थोडी कमी उडी आणि उत्तम धावणाऱ्याहून थोडी कमी धाव, अशा दोन उण्यांच्या बेरजेतून येथे जगज्जेता निपजतो. अण्णांच्या म्हणीला याहून मोठे आव्हान कोणते?

परंतु इतिहासात थोडे मागे गेले की एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. या दोन तलवारी कोणी मागाहून एका म्यानात कोंबलेल्या नाहीत. मूळची तलवार एकच होती. तिचे दोन तुकडे मागाहून झाले. नॉर्वे देशाच्या टेलेमार्क प्रांतात मॉर्गेडाल नावाचे खोरे आहे. तेथे सोंद्रे नॉर्हाइम (१८२५–१८९७) नावाचा एक गरीब कूळ राहात असे. लवचीक फोकांचे बंध टाचेमागून घेऊन त्याने स्की पायांस घट्ट जखडले, आणि वळण घेणे व उडी मारणे या दोन्ही गोष्टी सुकर केल्या. १८६८ साली राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील स्पर्धेस हा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ गावाहून स्की घालूनच चालत गेला असे सांगतात. तेथे त्याने शहरच्या तरुणांस थक्क केले. त्या काळी स्कीवाला म्हणजे जो चढ चढेल, उतार उतरेल, वाटेत कुंपण किंवा घळ आली तर उडी मारील आणि संध्याकाळी घरी सुखरूप पोहोचेल तो. पोहणाऱ्याला जसे आपण 'तू हात मारतोस की पाय?' असे विचारीत नाही, तसे त्याला 'तू धावतोस की उडी मारतोस?' असे कोणी विचारले नसते. दारिद्र्याने गांजून नॉर्हाइम १८८४ मध्ये अमेरिकेस गेला आणि तेथेच निवर्तला. त्याने घडविलेली विद्या मात्र नॉर्वेत राहिली.

१८९२ साली ऑस्लोजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर पहिली मोठी स्पर्धा झाली. सर्वांत लांब उडी साडेएकवीस मीटरांची होती. आज नवशिकी मुलेही तेवढी मारतात. तेथील मान मिळे तो उडी आणि धाव या दोहोंच्या एकत्रित फलावर. केवळ उडीच्या स्वतंत्र विजेत्याला मान्यता मिळावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. म्हणजे ज्याला आपण 'संयुक्त' म्हणतो तोच मूळ वृक्ष, आणि निव्वळ उडी व निव्वळ धाव या त्याच्या फांद्या. शाखांनी बुंध्याला 'तू कोण?' असे विचारावे, ही जगाची रीतच आहे.

१९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे जे हिमक्रीडांचे संमेलन भरले, त्यालाच पुढे पहिले हिवाळी ऑलिंपिक हे नाव मिळाले. नॉर्डिक कंबाइन्ड त्यात होते, आणि तेव्हापासून २०२६ पर्यंत एकही हिवाळी ऑलिंपिक तिच्यावाचून झाले नाही. शामोनीचा वीर म्हणजे नॉर्वेचा थोर्लाइफ हाउग. त्याने अठरा किलोमीटर, पन्नास किलोमीटर आणि संयुक्त अशा तिन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली, आणि शिवाय निव्वळ उडीतही तिसरा क्रमांक पटकावला. मात्र या चौथ्या पदकाची कथा आमच्या वाचकांस विशेष रुचेल. उडीच्या गुणांच्या बेरजेत चूक झाली होती! तिसरा क्रमांक वस्तुतः अमेरिकेच्या अँडर्स हाउगेन याचा होता. ही चूक सापडली ती पन्नास वर्षांनी, १९७४ मध्ये. हाउग १९३४ सालीच वारला होता. तेव्हा त्याच्या कन्येने ते पदक पंचाऐंशी वर्षांच्या हाउगेनच्या हाती सन्मानाने दिले. ही हकीकत ऐकून अण्णांचा चेहरा उजळला. "पाहा," ते म्हणाले, "आक्षेप कधी मरत नसतो." आम्हांस मात्र त्यात आक्षेपापेक्षा ते पदक उचलून देणारा मुलीचा हात अधिक मोठा वाटला.

१९२४, १९२८, १९३२ आणि १९३६ या चार ऑलिंपिकांत या स्पर्धेची बारा पदके होती, आणि बाराही नॉर्वेने नेली. १९४८ साली सेंट मॉरिट्झ येथे फिनलंडच्या हाइक्की हासूने ही मिरास मोडली. त्या वर्षी नॉर्वेला एकही पदक मिळाले नाही. १९५२ साली स्पर्धा खुद्द ऑस्लोस भरली, होल्मेनकोलेनच्या टेकडीभोवती लाखाहून अधिक माणसे जमली, आणि सिमोन श्लोटविकने गेलेले वैभव परत आणले. त्याच वर्षी प्रथम उडी आधी आणि धाव मागाहून असा क्रम ठरला. त्याच १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी येथे आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन उभे होते, ही आठवण येथे झाल्यावाचून राहात नाही.

१९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे आणखी एक नवल घडले. उत्तरेकडील देशांबाहेरचा पहिला विजेता झाला तो जर्मनीचा गेओर्ग थोमा. हा ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशातील हिंटरत्सार्टेन गावचा पोस्टमन होता. हिवाळ्यात स्की घालून वाडीवाडीस टपाल पोहोचवावयाचे हा त्याचा पेशा. आम्हां सरकारी नोकरांस ही गोष्ट किती धीर देणारी आहे! जगातील श्रेष्ठ खेळाडूने आपल्या पायांचे बळ कोठे कमावले, तर टपालाची थैली वाहताना. नोकरी आणि साधना यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, याचा हा एक पुरावा.

दुसरा पुरावा १९७२ चा, जपानमधील सापोरो येथला. पूर्व जर्मनीचा उलरिख वेलिंग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो उडीत चौथा आला आणि धावेत तिसरा. म्हणजे कोणत्याही एका विद्येत तो पहिला नव्हता, आणि तरी सुवर्णपदक त्याचेच. उडीत पहिला आलेला जपानचा हिदेकी नाकानो धावेत सर्वांच्या मागे राहिला आणि एकूण तेराव्या स्थानी गेला. वेलिंगने पुढे १९७६ आणि १९८० सालीही सुवर्ण जिंकले. एका बाजूस झुकलेला तराजू आणि समतोल तराजू यांतील भेद याहून स्पष्ट कोणी दाखविला असेल असे आम्हांस वाटत नाही.

पूर्वी या स्पर्धेत एक मोठी अडचण होती. उडी आणि धाव या दोहोंचे गुण कोष्टकांतून काढून त्यांची बेरीज करीत. त्यामुळे धाव संपली तरी जिंकले कोण हे प्रेक्षकांस कळत नसे. कागद फिरत, आकडे जुळत, आणि मग निकाल लागे. ही फाइल मोकळी केली ती गुंडर गुंडरसन या नॉर्वेच्याच जुन्या खेळाडूने. त्याची युक्ती साधी आहे. उडीतील गुणांचा फरक आधीच वेळेत रूपांतरित करावयाचा. दहा किलोमीटरांच्या धावेस सांप्रत एका गुणास चार सेकंद धरतात. उडीत जो पहिला तो धावेस प्रथम निघतो. जो दहा गुणांनी मागे तो चाळीस सेकंदांनी मागाहून निघतो. आणि जो अंतिम रेषा प्रथम ओलांडील तो विजयी. पुढचा जिवाच्या आकांताने पळतो आहे, मागचा त्याची पाठ डोळ्यांपुढे ठेवून अंतर कापतो आहे, असे हे नाट्य लहान मुलालाही कळते. ऑलिंपिकमध्ये ही पद्धत १९८८ साली कॅल्गरी येथे प्रथम आली आणि स्वित्झर्लंडचा हिपोलित केंप्फ तीत जिंकला.

या शर्यतीत घडीचे पारडे कसे फिरते याचे करुण उदाहरण म्हणजे नॉर्वेचा यार्ल माग्नुस रीबर. जागतिक स्पर्धांत आणि विश्वचषकांत त्याच्या तोडीचा खेळाडू या काळात झाला नाही. २०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तो कोरोनाच्या विलगीकरणातून बाहेर पडून थेट स्पर्धेस उतरला. मोठ्या टेकडीवरील उडीत तो पहिला आला, सर्वांच्या पुढे निघाला, आणि पहिल्या फेरीनंतर चुकीच्या वाटेला वळला! ध्यानात येऊन परत फिरेपर्यंत मागचे येऊन भिडले, आणि शेवटी तो आठवा आला. २०२५ साली तो निवृत्त झाला तेव्हा ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक त्याच्या नावावर नव्हते. माणसाचे सारे पुण्य एका वळणावर तोलले जावे, हा न्याय की अन्याय हे आम्हांस ठरविता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. या क्रीडेत भारतातून ऑलिंपिकला कोणीही उतरलेले नाही. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम लागले ते १९६४ साली इन्सब्रुक येथे, पोलिश वंशाचे जेरेमी बुजाकोव्स्की यांच्या रूपाने. १९६८ सालीही ते एकटेच भारताचे प्रतिनिधी होते. १९८८ साली शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकला जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. स्की-धावेत २००६ साली बहादुर गुप्ता, २०१० साली ताशी लुंडुप, २०१४ साली नदीम इक्बाल आणि २०१८ साली जगदीश सिंह हे उतरले. म्हणजे या विद्येचा अर्धा भाग आमच्या हिमालयातील मुलांनी हाती धरला आहे. उरला उडीचा अर्धा. त्यासाठी टेकडी बांधावी लागते, ती राखावी लागते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना तेथे नित्य नेणारा गुरू लागतो.

हे अशक्य आहे काय? जपानकडे पाहावे. तेथे स्कीची विद्या १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने निइगाता प्रांतातील ताकादा येथे सैनिकांस शिकविली. १९९२ आणि १९९४ या दोन्ही ऑलिंपिकांत सांघिक नॉर्डिक कंबाइन्डचे सुवर्णपदक जपानने जिंकले. ऐंशी वर्षे लागली, पण लागली ती ऐंशीच. आणि आपल्याकडील आरंभही आठवावा. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा जो पहिला चमू गेला, त्याचे बीज पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पडले होते. तेथील स्पर्धांत अनवाणी धावणारे खेडुत पाहून दोराबजी टाटांच्या मनात हा विचार आला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांच्यासमवेत सदाशिव दातार होते, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. युरोपातील मार्ग, युरोपातील हवा, आणि आपली माणसे अनवाणी सरावलेली! त्यांना कोणी 'हे तुमचे काम नव्हे' असे म्हटले नसेल काय?

परंतु आपण त्या म्यानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ते मोडून टाकावे की काय, असा विचार ऑलिंपिकच्या धुरीणांत सुरू झाला आहे. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२६ साठी महिलांच्या नॉर्डिक कंबाइन्डचा समावेश नाकारला आणि पुरुषांच्या स्पर्धेचे भवितव्यही पुढील पाहणीवर सोपविले. कारणे आकड्यांची होती. २०१४, २०१८ आणि २०२२ या तीन ऑलिंपिकांत मिळून सत्तावीस पदके दिली गेली, आणि ती सारी नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया व जपान या चारच देशांत वाटली गेली. प्रेक्षकही थोडे. आम्ही कचेरीत पदसंख्येच्या फेरतपासणीची प्रकरणे हाताळतो. त्यामुळे या भाषेची आम्हांस ओळख आहे. आकडे खोटे नसतात. पण आकडे हे 'काय आहे' ते सांगतात, 'काय असावे' ते सांगत नाहीत. चारच देश जिंकतात म्हणून स्पर्धा बंद केली असती, तर १९३६ नंतर एकच देश जिंकतो म्हणून ती केव्हाच बंद झाली असती, आणि हासू, थोमा व जपानचे वीर जगाला दिसलेच नसते.

त्यातही महिलांचा प्रश्न अधिक बोचणारा आहे. त्यांची पहिली विश्वचषक शर्यत डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियात झाली. अमेरिकेची तारा गेराटी-मोट्स ती जिंकली. २०२१ साली ओबर्स्टडॉर्फ येथे त्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि नॉर्वेची ग्यूदा वेस्टवोल्ड हान्सेन विजयी ठरली. विद्या सिद्ध झाली, आणि दार बंद झाले. २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांना प्रवेश नसलेला हा एकच क्रीडाप्रकार उरला. शर्यतीपूर्वी या मुलींनी आपल्या काठ्या डोक्यावर फुलीसारख्या धरून निषेध केला.

हे आम्ही घरात वाचून दाखविले तेव्हा आमची पत्नी डबे घासून पुसून ठेवीत होती. तीही नोकरी करते. सकाळी साडेसहाला तिची पहिली पाळी ओट्यापाशी सुरू होते, नऊला दुसरी, आणि संध्याकाळी पुन्हा पहिली. ती एवढेच म्हणाली, "एका दिवसात दोन कामे निभावायची, आणि बक्षिसाच्या वेळी नाव नाही. यात नवीन काय सांगितलंत?" आम्ही कागद खाली ठेवला आणि डबे पुसावयास घेतले. दोन तलवारींची गोष्ट आम्ही नॉर्वेत शोधीत होतो. ती आमच्याच घरात इतकी वर्षे चालू होती, आणि आमच्या गुणपत्रकात तिची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा आले, तेव्हा आम्ही त्यांस वेलिंगची आणि नाकानोची हकीकत सांगितली. चौथा अधिक तिसरा बरोबर पहिला, हे गणित त्यांनी दोनदा तपासले. "बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मग थोडे थांबून, "पण तो रोज दोन्हींचा सराव करीत असेल, नाही का? तुमची परीक्षेची पुस्तके परवा होती तिथेच आहेत." हा आक्षेप मात्र खरा होता. अष्टपैलुत्व आणि भाराभर चिंध्या यांत अंतर आहे ते एवढेच. चिंध्या होतात त्या दोन विद्या धरल्याने नव्हे, तर एकीचे निमित्त करून दुसरी टाळल्याने. टपालाची थैली वाहणारा थोमा जगज्जेता झाला.

अण्णा जिना उतरून गेल्यावर आम्ही परीक्षेचे पुस्तक उघडले, आणि दोन प्रकरणे संपवून मग हा लेख पुरा केला. ही स्पर्धा टिकेल की नाही, त्या मुलींना दार उघडेल की नाही, याचा निर्णय दूर कोठेतरी होईल आणि तो आम्हांस कोणी विचारणार नाही. परंतु माणसाने एकाच कामापुरते उरावे असे सांगणाऱ्या या युगात, सकाळी झेप घेऊन संध्याकाळी दम धरणारी माणसे कोठेतरी बर्फावर उभी आहेत, एवढे जरी ठाऊक असले, तरी करोल बागेतील थंडी थोडी सोसते.